गिरणीवाल्याच्या घरात जात्यावरच्या ओव्या

बार्शी तालुक्यात आमची पिठाची गिरणी आहे. वडलांनी ती 1979 साली टाकली, तेव्हा मी पाच वर्षांचा होतो. त्यानंतर गावातली जाती एकेक करून गप्प झाली, आमच्या घरचं सगळ्यात आधी. आई जात्यावर गायची असं आत्या सांगायची, पण मला तो आवाज आठवत नाही. ‘पारी’ म्हणजे ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’, खेड्यापाड्यातलं जगणं नोंदवणारं संकेतस्थळ. त्यावरचा ‘जात्यावरच्या ओव्या’ हा संग्रह मी त्या ओढीनं उघडला.

हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ या अभ्यासक-कार्यकर्त्यांनी आपल्या सहकाऱ्यांसोबत गावोगाव फिरून या ओव्या गोळा केल्या. हजारावर गावं, एक लाखाहून जास्त ओव्या. त्यातल्या बहुतेक कागदावर उतरवलेल्या आहेत, आवाजात आहेत त्या काही हजार. संगीताचे अभ्यासक बर्नार बेल यांनी नव्वदच्या दशकात हे ध्वनिमुद्रण केलं आणि 2017 पासून पारी ते लोकांपुढं आणतंय. पैसे पडत नाहीत, जाहिराती नाहीत. ओव्यांच्या शब्दांसोबत गाणारीचं नाव, गाव, तालुका, वय, मुलं किती, पोटापाण्याचं काय, हेही दिलेलं असतं. मला हे फार मोलाचं वाटतं. आवाज कुणाचा आहे ते कळल्यावर आपण सावरून बसतो.

मी पहिल्यांदा ऐकलं ते परभणी जिल्ह्यातल्या ताडकळसच्या गंगूबाई अंबोरे यांना. सीतेच्या वनवासाच्या ओव्या. साथीला काही नाही. आवाज काही गोड नाही, पण त्यात इतकं एकटेपण आहे की दोन ओव्यांनंतर मी फोन पालथा ठेवला आणि गिरणीच्या दारात जाऊन उभा राहिलो. गाणं म्हणजे कुणाला तरी ऐकवायची गोष्ट, असंच मी समजत होतो. ओवी पहाटे, घर झोपलेलं असताना, दगडापुढं म्हटलेली. सासरी ज्याची वाच्यता करायची नाही ते तिथं सीतेच्या नावानं बोलून घ्यायचं. म्हणून तर ती अशी आत जाते.

संध्याकाळी आईला ऐकवलं. ती 76 वर्षांची आहे, बोलणं मुळातच कमी. फोनच्या स्पीकरवर आवाज फारच पातळ येतो, म्हणून पोराचा ब्लूटूथ स्पीकर जोडला. (तुम्हीही तसंच करा, आणि स्वयंपाक करता करता लावू नका.) थोडा वेळ ती नुसती बसून राहिली. मग तिचा उजवा हात मांडीवर गोल फिरायला लागला, खुंटा धरल्यासारखा. एका ओवीला म्हणाली, “आमच्यात असं न्हाई म्हणत.” आणि स्वतःची म्हणून दाखवली, भावाची. माझा मामा 1983 साली विहिरीचं काम करताना वारला. त्याच्याबद्दल आई आमच्यापाशी कधी एक शब्द बोलली नव्हती. ओवीत तो दिवाळीला बहिणीला न्यायला येत होता. श्वास घ्यायला ती जिथं थांबायची तिथंच हाताचा फेरा पुरा व्हायचा.

पंढरीच्या ओव्या आहेत, माहेराच्या आहेत, बाबासाहेबांवरच्याही पुष्कळ आहेत. एका बैठकीला चार-पाच पुरे. जास्त ऐकल्या की कान सरावतो, आणि या आवाजांना सरावायचं नसतं.

आता दुपारी गिरणीचा पट्टा उतरवला की आई स्पीकर मागते. परवा म्हणाली, तुळशीजवळचं जातं आत घे. घेतलं. लग्नाच्या हळदीपुरतंच वापरून दगड अगदी गुळगुळीत झालाय. टाकी लावणारे, म्हणजे छिन्नीनं ठोकून दगड पुन्हा खरखरीत करणारे, आमच्या गावात आता फिरकत नाहीत. गिरणीच्या दगडांना मी स्वतःच टाकी लावतो. त्याच छिन्नीनं रविवारी हेही बघतो.