बाल्डर्स गेट ३: अनेक महिन्यांच्या वापरानंतर कामगिरी आणि सुलभता

लॅरियन स्टुडिओजचा हा रोल-प्लेइंग (पात्राची भूमिका निभावण्याचा) गेम ३ ऑगस्ट २०२३ रोजी विंडोजवर आला आणि एप्रिल २०२५ च्या आठव्या मोठ्या पॅचपर्यंत (सुधारणांच्या अपडेटपर्यंत) सुधारत गेला. पण त्याच्या कामगिरीचा निकाल कथेच्या पहिल्या अंकावरून देऊ नका. तिथला समुद्रकिनारा आणि ड्रुइडांची (निसर्गपूजक जादूगारांची) वस्ती मध्यम प्रतीचा पीसीही सहज पेलतो. खरा कस लागतो तिसऱ्या अंकातल्या लोअर सिटी या गजबजलेल्या शहरभागात. स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानात पैसे परत मागता येतात ते खरेदीपासून १४ दिवसांत आणि २ तासांहून कमी खेळलं असेल तरच. तिसरा अंक त्याच्या कितीतरी पुढे आहे. म्हणून ओळखीच्या कुणाकडून तिथली सेव्ह फाइल (खेळ जिथवर आला ते साठवणारी फाइल) मागून घ्या, आपल्या सेव्हच्या फोल्डरमध्ये टाका आणि त्या दोन तासांतच शहरात फिरून बघा.

तिथे फ्रेम रेट (सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची संख्या) पडतो तो बहुतेक वेळा प्रोसेसरमुळे. गर्दीतल्या पात्रांची हालचाल, त्यांचं वाट शोधणं, कोण कुणाला पाहतंय याचा हिशेब, हे सगळं त्याच्याच माथी येतं. ग्राफिक्स कार्ड ६०-७० टक्केच वापरात असेल आणि तरी चित्र अडखळत असेल, तर रिझोल्यूशन उतरवून किंवा डीएलएसएस (कमी रिझोल्यूशनचं चित्र मोठं करणारं एनव्हिडियाचं तंत्र) लावून हाती फारसं काही लागत नाही. आधी गेमच्या सेटिंगमध्ये डायनॅमिक क्राउड्स बंद करा, अॅनिमेशन एलओडी डिटेल (हालचालींचा बारकावा) कमी करा, मग फ्रेम रेटला मर्यादा घाला. ४० ते ६५ मध्ये हेलकावे खाण्यापेक्षा स्थिर ४० डोळ्यांना कितीतरी बरे. सावल्या, धुकं, ढग हा कार्डाचा प्रांत. ते कार्ड पूर्ण भरलेलं असेल तेव्हाच उतरवा.

गेमआधी उघडणाऱ्या लाँचरमध्ये ग्राफिक्स चालवण्याचे व्हल्कन आणि डायरेक्टएक्स ११ असे दोन पर्याय मिळतात. गेम मध्येच बंद पडत असेल तर सेटिंगशी झटापट करण्याआधी हा पर्याय बदलून पाहा. जागा १५० जीबी लागते आणि ती एसएसडीवरच हवी. हार्ड डिस्कसाठी स्लो एचडीडी मोड आहे, तरीही टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची चित्रं) उशिरा उमटतात. मोठा पॅच बसताना जुन्या फाइल नव्याने बांधल्या जातात, त्यामुळे तेवढा वेळ आणखी बरीच मोकळी जागा लागते. डिस्क काठोकाठ भरलेली असेल तर अपडेट तिथेच अडकतो.

या गेमची मोठी जमेची बाजू अशी की लढाई पाळीपाळीने चालते. फ्रेम रेट २५ वर आला म्हणून लढाई हरायला होत नाही, आणि ज्यांचे हात सावकाश चालतात त्यांनाही कुणी घाई करत नाही. लढाईबाहेरही शिफ्ट आणि स्पेस दाबून पाळीचा मोड लावता येतो. सापळे ओलांडताना तो हटकून वापरा. एक्सप्लोरर ही सोपी पातळी पहिल्यापासून आहे, आणि नोव्हेंबर २०२३ च्या पाचव्या पॅचपासून कस्टम मोडमध्ये नियम एकेक करून बदलता येतात. अपंग खेळाडूंसाठी ही सोय मला सगळ्यात मोलाची वाटते.

माऊसने खेळताना डावी ऑल्ट की धरली तरी उचलण्याजोग्या सगळ्याच वस्तूंची नावं दिसत नाहीत. कंट्रोलरवर मात्र खालचं बटण दाबून धरलं की आजूबाजूच्या वस्तूंची यादीच उघडते. बारीक जागी कर्सर टेकवणं ज्यांना जड जातं त्यांनी पीसीवरही कंट्रोलर जोडावा. तो जोडल्यावर स्क्रीनची मांडणी आपोआप बदलते.

गेम कमी पडतो तो मजकुराच्या बाबतीत. मंत्रांची वर्णनं आणि वस्तूंचे तपशील लांबून टीव्हीवर वाचताना डोळे ताणावे लागतात. मेनू वाचून दाखवणारी सोय गेममध्ये नाही, त्यामुळे पूर्ण दृष्टिहीन खेळाडूला तो एकट्याने खेळणं जवळपास अशक्य आहे. इतक्या शब्दबहुल गेममध्ये ही उणीव मला खरोखर खटकते. संवाद मराठीत किंवा हिंदीत नाहीत. इंग्रजी सावकाश वाचणाऱ्यांनी पुढे गेलेली वाक्यं संवादाच्या इतिहासात पाहावीत.

स्टीम डेक या हातात धरायच्या गेमिंग पीसीसाठी सप्टेंबर २०२५ मध्ये स्वतंत्र आवृत्ती आली. तिच्यात विंडोजचे गेम लिनक्सवर चालवणारा प्रोटॉनचा थर मध्ये नसल्यामुळे प्रोसेसरवरचा भार हलका होतो. तरीही लोअर सिटीत फ्रेम रेटला ३० ची मर्यादा घालूनच खेळा. अक्षरं बारीक वाटली तर स्टीम बटण आणि एल१ एकत्र दाबा, भिंग उघडतं.