सेजमॅनिफोल्ड्स: ५ मितींच्या ब्लॅक होलला पुरतं का?

एमएससीच्या प्रोजेक्टला मायर्स-पेरी ब्लॅक होल घेतलंय, म्हणजे १९८६ सालचं ते चारपेक्षा जास्त मितींमधलं फिरणारं सोल्युशन, आणि टेन्सर (वक्र अवकाशाच्या गणितातले अनेक घटकांचे तक्ते) हाताने सोडवत बसायचा पेशन्स नाही म्हणून सेजमॅथ या गणिताच्या सॉफ्टवेअरमधलं सेजमॅनिफोल्ड्स हे टूल घेतलं. पॅरिस ऑब्झर्व्हेटरीचे एरिक गुर्गुलों आणि मंडळींचं काम, पूर्ण फुकट, आणि मिती कितीही द्या, चालतं. जिओडेसिकची, म्हणजे मोकळ्या कणाच्या वाटेची, बरीचशी रेडीमेड पॅकेजेस केरपाशीच, म्हणजे ४ मितींतल्या फिरणाऱ्या ब्लॅक होलपाशीच थांबतात हो.

५ मितींत ब्लॅक होल एकाच वेळी दोन प्रतलांत फिरतं. कणाची गती पूर्ण सुटायला ५ स्थिरांक, म्हणजे वाटेत न बदलणाऱ्या राशी हव्यात, एनर्जी, दोन अँग्युलर मोमेंटम आणि कणाचं वस्तुमान धरून ४ तर आयतेच मिळतात, पाचवा येतो किलिंग टेन्सरमधून (अवकाशाची लपलेली सममिती सांगणारा टेन्सर), ब्रँडन कार्टर या भौतिकशास्त्रज्ञाला १९६८ मध्ये केरसाठी जो स्थिरांक सापडला त्याचाच भाऊबंद. ५ मितींतला हा टेन्सर फ्रोलोव्ह आणि स्टॉयकोविच यांनी २००३ मध्ये दिला. तो टूलमध्ये टाकायचा, कोव्हेरियंट डेरिव्हेटिव्ह (वक्र अवकाशातलं डेरिव्हेटिव्ह) घ्यायचा, सिमेट्राइज करायचं, तो खरंच किलिंग टेन्सर असेल तर उत्तर शून्य यायला पाहिजे. आता इथे एक गोष्ट लक्षात ठेवा, कोऑर्डिनेटमधला थीटा हा कोन तसाच ठेवलात तर साइन-कॉसच्या जंजाळात लॅपटॉपचा पंखा नुसता बोंबलत राहतो, त्यापेक्षा कॉस थीटालाच कोऑर्डिनेट करा, मग सगळं बहुपदींच्या अपूर्णांकांत येतं आणि शून्य बघायला ताटकळावं लागत नाही. पॅरलल कॉम्प्युटिंगची सोय पण आहे, सगळे कोर कामाला लावा.

पण हे टूल टेन्सर तपासून देतं, शोधून देत नाही. २००७ मध्ये कळलं की मिती कितीही असू देत, या ब्लॅक होलांच्या एका मूळ, म्हणजे प्रिन्सिपल टेन्सरमधून बाकीचे सगळे किलिंग टेन्सर निघतात, तर तो टेन्सर पेपरमधून उचलून तुम्हीच टाकायचा. त्यातून बाकीचे काढायला लागणाऱ्या वेज प्रॉडक्ट, हॉज ड्युअल वगैरे क्रिया मात्र तयार आहेत, छान चालतात.

विंडोजवाल्यांनो, थेट इन्स्टॉल होत नाही, डब्ल्यूएसएल (विंडोजमध्ये लिनक्स चालवायची सोय) टाकावं लागतं.

कक्षेचा ग्राफ पण काढता येतो, फक्त फुलाच्या पाकळ्यांसारखी चित्रं मिळतील या आशेने घेऊ नका, ५ मितींत न फिरणाऱ्या ब्लॅक होलभोवतीसुद्धा एकही स्थिर वर्तुळाकार कक्षा नसते, कण एक तर आत जातो नाहीतर पसार होतो.