सातेरीची पेटी: पेटी झकास, स्टँड टाकाऊ

दापोलीच्या बाजूला आमचं घर, परसात नारळ-पोफळी आणि गडग्याला लागून जुनी जांभळं. एवढ्या झाडांना माश्या हव्यातच, असा सासूबाईंचा धोशा. म्हणून यंदा सातेरीच्या, म्हणजे आपल्या देशी मधमाशीच्या, वसाहतीसकट मधपेटी घेतली. तक्रारीही करायच्यात, तेव्हा विकणाऱ्याचं नाव लिहीत नाही.

पेटी उत्तम. आयएसआय ‘ए’ टाइप, म्हणजे सरकारी प्रमाण मापाची, खाली आठ फ्रेमची (पोळं बांधायच्या चौकटींची) पिल्लांची कोठी, वर मधाची. लाकूड वाळलेलं, सांधे घट्ट. दोन पोळ्यांमध्ये सातेरीला सात ते नऊ मिलिमीटरची वाट लागते. जागा जास्त सुटली की ती मध्येच वेडंवाकडं पोळं बांधते आणि मग फ्रेम उचलताना सगळं फाटतं. इथे फ्रेम अलगद वर येतात. पेटी आणलीही रात्री, दाराला जाळी लावून, म्हणजे बाहेर गेलेल्या माश्या मागे राहिल्या नाहीत.

स्टँड मात्र भंगार. पाय लडबडतात, आणि मुंग्यांसाठी खाली दिलेल्या वाट्या इतक्या उथळ की दुपारपर्यंत पाणी आटतं आणि मुंगळ्यांची रांग थेट वर. आता तिथे श्रीखंडाचे रिकामे डबे आहेत.

पोळं बांधायला आधार म्हणून फ्रेममध्ये लावायचे सोबतचे मेणपत्रेही चुकीचे, इटालियन या परदेशी माशीच्या मापाचे. सातेरीच्या पोळ्यातली घरं त्याहून लहान असतात. तिने ते पत्रे अर्धेमुर्धे कुरतडून ठेवले आणि शेजारच्या रिकाम्या फ्रेमवर स्वतःच्या मापाचं पोळं सुरेख ओढलं. बदलून द्या म्हटलं तर “चालतं हो ताई!”

वीस किलो मध निघेल असं विकणारा म्हणाला होता, पण ती बातही इटालियन माशीचीच, आणि तीसुद्धा पेट्या मोहरी-सूर्यफुलाच्या शेतांवर फिरवल्या तर. एका जागी बसलेल्या सातेरीने पाच किलो दिला तरी मी खूश.

पैसे खरे वसूल झाले ते त्यांच्या कामावरच्या पोरामुळे. हातमोजे न घालता फ्रेम उचलून त्याने सासूबाईंना राणी दाखवली, अंडी दाखवली. मेणकिडा लागू नये म्हणून काळं पडलेलं पोळं कधी काढायचं, ऐन पावसात समसमान साखर-पाण्याचा पाक कसा ठेवायचा, सगळं न कंटाळता सांगितलं. उपाशी ठेवली तर सातेरी अख्खं बिऱ्हाड घेऊन उडून जाते, हेही त्यानेच बजावलं. धूर करायचं यंत्र चांगलं आहे, नारळाच्या सोडणावर मस्त पेटतं. रबरी मोजे घेऊ नका, बोटं वळत नाहीत.

घ्यायची तर पाऊस सरल्यावर घ्या, जांभूळ फुलेपर्यंत वसाहत जोर धरते. आणि पैसे देण्याआधी झाकण काढून खालची फ्रेम उचलायला लावा. घरांत अंडी दिसली नाहीत, तर माश्या कितीही दाट असोत, ती पेटी घरी आणू नका.