कडकनाथची पंचवीस पिल्ले: वर्षभराच्या अनुभवानंतर

गेल्या वर्षी मार्च महिन्यात घाटावरच्या एका उबवणी केंद्रातून मी कडकनाथ या काळ्या मांसाच्या कोंबडीची एक दिवसाची 25 पिल्ले प्रत्येकी 80 रुपये दराने मागवली. राजापूर तालुक्यातील आमच्या घरामागे जांभ्या चिऱ्याचे जुने खुराडे आहे आणि त्यात आजवर गावठी कोंबड्यांखेरीज दुसरे काही नांदलेले नाही. वर्ष उलटल्यावर एवढे खात्रीने सांगता येते की पक्षी उत्तम आहे, परंतु तो विकताना जे सांगितले जाते त्यातले निम्मे सोडून द्यावे.

ही जात मूळची मध्य प्रदेशातील झाबुआ आणि अलीराजपूर भागातली. भिल्ल व भिलाला समाजाने ती पिढ्यान्‌पिढ्या सांभाळली आणि तिकडे तिला 'कालीमासी' म्हणतात. मेलॅनिन हे रंगद्रव्य केवळ पिसांत न राहता कातडी, मांस, हाडांवरील आवरण आणि आतल्या अवयवांपर्यंत पसरल्यामुळे हा काळेपणा येतो. इंडोनेशियातील आयाम चेमानी आणि चीनमधील सिल्की या कोंबड्यांतही त्याचे कारण तोच जनुकीय बदल आहे. पिसांचा रंग मात्र सर्वांचा सारखा नसतो. निव्वळ काळे, रुपेरी रेघांचे आणि मानेवर सोनेरी झाक असलेले असे तीन प्रकार आहेत, त्यामुळे सोनेरी मानेचा कोंबडा पाहून फसवणूक झाली असे समजू नये. फसवणूक ओळखायची तर चोच उघडून जीभ पाहावी आणि छातीवरची पिसे फुंकर मारून बाजूला करावीत. आमच्याकडची तीन पिल्ले तलंगा, म्हणजे अर्धवट वाढलेल्या कोंबड्या, होईपर्यंत काळीच दिसत होती, पण पुढे त्यांचे तुरे लालभडक झाले आणि पिसांखालची कातडी पांढरी निघाली. केंद्राने तक्रार नाकारली नाही, पैसेही परत केले नाहीत. पुढील खरेदीत सवलत देऊ केली, ती मी घेतलेली नाही.

पिल्लांच्या खोक्यावर 'जीआय मानांकित' अशी चिठ्ठी होती. हे भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक प्रदेशातल्या उत्पादनाला मिळणारी ओळख, 2018 साली झाबुआच्या कडकनाथ मांसाला मिळाले आहे, घाटावर उबवलेल्या पिल्लांना नव्हे. मरेक या कोंबड्यांच्या विषाणूजन्य रोगाची लस दिल्याची नोंद त्या चिठ्ठीवर असायला हवी होती; ती नव्हती.

हा पक्षी काटक आहे, हे मान्य. उन्हाळा त्याने आंब्याखाली पालापाचोळा उकरत आरामात काढला. कोकणातला पाऊस ही मात्र निराळी गोष्ट आहे. आषाढात झडीचे पाणी खुराड्यात शिरून भाताचे तूस भिजले, ते मी दोन दिवस बदलले नाही आणि रक्ती हगवणीने चार पक्षी गेले. तो दोष सर्वस्वी माझा. त्यानंतर जमिनीपासून हातभर उंचीवर बांबूचा माच केला, आणि पुन्हा औषध आणण्याची वेळ आली नाही.

अंडी नवरात्राच्या सुमारास, म्हणजे सहाव्या-सातव्या महिन्यात सुरू झाली. ती काळी नसतात. फिकट तपकिरी असतात आणि आमच्या काट्यावर 42 ते 46 ग्रॅम भरतात. काळ्या अंड्याची चित्रे दाखवून कोणी जास्त दर सांगत असेल तर तेथून निघून यावे. कोंबडी वर्षाला शंभराच्या आसपास अंडी देते, पण खुडूक क्वचितच होते. आमच्या नऊ माद्यांपैकी एकही अंड्यांवर बसली नाही. शेवटी घरच्या तांबड्या गावठी कोंबडीखाली 11 अंडी ठेवली, तेव्हा एकविसाव्या दिवशी नऊ पिल्ले बाहेर आली आणि त्या माउलीने ती काळी पिल्ले आपलीच समजून वाढवली.

मांसाबद्दल अपेक्षा नीट ठेवावी. आठ महिन्यांचा कोंबडा 1 किलो 600 ग्रॅम भरला. मांसात चरबी फार कमी असते आणि ब्रॉयलरच्या वेळेत ते शिजत नाही. चुलीवर मंद आचेवर दीड तास लागला. भाजलेल्या खोबऱ्याच्या वाटपात त्याची चव आमच्या गावठी कोंबडीच्या जवळ जाते, किंचित अधिक दाट लागते, पण वड्यांबरोबर वाढताना पाहुण्यांना आधी कल्पना द्यावी. काकूंनी तंगडीचे हाड उजेडाकडे धरून "ही करपली की काय गो?" असे विचारले आणि सोलकढीवरच जेवण उरकले. औषधी गुणांच्या ज्या याद्या विक्रेते देतात त्यांबद्दल मी काही लिहीत नाही. मी रस्सा खाल्ला, औषध घेतले नाही.

व्यवसाय म्हणून शेकड्याने पिल्ले घेण्याचा सल्ला मी देणार नाही, कारण गावात या मांसाला जास्तीचा दर देणारे गिऱ्हाईक मला वर्षभरात चारच भेटले. परसात दहा-बारा पक्षी ठेवायचे असतील आणि घरात खुडूक होणारी एखादी गावठी कोंबडी असेल, तर अवश्य घ्यावेत. पक्ष्याला मी पाचपैकी चार गुण देतो, उबवणी केंद्राला दोन. तांबडी सध्या पुन्हा बसली आहे, या खेपेस 13 अंड्यांवर.