‘मसाई मारा एरिया’

इतरांची बिलं तपासणं हे माझं रोजचं काम. त्यामुळे मी स्वतःच फसलो हे लिहायची लाज वाटतेय, पण लिहितो.

ऑगस्टमध्ये आम्ही दोघं केनियाला गेलो. मसाई मारात तीन दिवस, त्यातला एक मुक्काम मसाई कुटुंबाच्या घरी. सगळं एका टूर कंपनीच्या माणसाशी व्हॉट्सअ‍ॅपवर ठरलं. दोघांचे 1,460 डॉलर, प्रवेशशुल्कासकट. 876 आगाऊ पाठवले, उरलेले 584 पहिल्या दिवशी ड्रायव्हरच्या हातात रोख. आगाऊ रकमेचं खातं कंपनीचं नव्हतं, कुणा माणसाच्या नावावर होतं. विचारलं, तर म्हणे कंपनीचं खातं ऑडिटमध्ये अडकलंय. ऑडिट म्हटल्यावर मी विरघळलोच. तुम्ही विरघळू नका. खातं कंपनीचं नसेल तर तिथेच थांबा.

आता मी न केलेला हिशोब बघा. जुलै ते डिसेंबर मारा राखीव क्षेत्रात परदेशी प्रौढाला दिवसाला 200 डॉलर प्रवेशशुल्क पडतं. दोघांचे तीन दिवसांचे झाले 1,200. उरले 260. त्यात गाडी, डिझेल, ड्रायव्हर, राहणं, जेवण? दर मी आधी वाचला होता हो! पण स्वस्तात जमलंय या खुशीत बेरीज केलीच नाही. शिवाय बिलावर स्वच्छ लिहिलं होतं, ‘मसाई मारा एरिया’. त्या ‘एरिया’वरून माझी नजर किती वेळा फिरली असेल! पण ऐन हंगामात जागा भरत आल्यात म्हणून कंपनीचा माणूस घाई करत होता, आणि आमची विमानाची तिकिटं काढून झालेली. कुणीही हो म्हटलं असतं.

दोन दिवस ड्रायव्हरनं आम्हाला राखीव क्षेत्राच्या बाहेरच फिरवलं. माराला कुंपण नाही, झेब्रे-जिराफ बाहेरही चरतात, मग शंका कशी येणार? पावती मागितली की “ऑफिसात आहे.” (पावती गेटवरच, स्वतःच्या डोळ्यांनी बघा.) तिसऱ्या सकाळी मारा नदीचा हट्ट धरला, तेव्हा सेकेनानी गेटच्या अलीकडे गाडी थांबवून तो आरशातूनच म्हणाला, आतले 400 वेगळे. भरले. नदीकाठी विल्डबीस्ट या मोठ्या हरणांचा कळप तासभर उभा राहिला आणि नदी न ओलांडताच मागे वळला.

कुटुंबातला मुक्काम म्हणजे मन्याटात, म्हणजे मसाई वस्तीत, चाळीस मिनिटं उड्यांचा नाच आणि मण्यांची विक्री. त्याचे माणशी 30 डॉलर ड्रायव्हरनं वेगळे घेतले. निघताना लाल शुका पांघरलेल्या एका पोरानं हळूच विचारलं, किती दिलेत? साठ म्हटल्यावर त्यानं मूठ उघडून चुरगळलेली 1,000 शिलिंगची नोट दाखवली. गावकऱ्यांवर माझा राग नाही. पैसे थेट गावच्या माणसाच्या हातात द्या.

नैरोबीत पोलीस ठाण्यात अडीच तास बसलो. एकानं लिहून घेतलं, दुसरा म्हणाला नारोकला जा. नारोक! जिथून आलो तिकडेच, आणि रात्री विमान. हाती पडला ओबी नंबरचा, म्हणजे ठाण्याच्या नोंदवहीतल्या क्रमांकाचा, चिठोरा. परतल्यावर बँक म्हणते, पैसे तुम्ही स्वतःहून पाठवलेत. इथले पोलीस म्हणतात, गुन्हा केनियात घडला. तिकडून ईमेल, तक्रार संबंधितांकडे पाठवली आहे. संबंधित कोण? बहुधा मीच.

टीआरए, म्हणजे केनियाच्या पर्यटन नियामक संस्थेचा परवाना क्रमांक कंपनीकडे आधी मागा, आणि तो चालू आहे का हेही तपासा. मी परत आल्यावर तपासला.

आणि हो, दुसऱ्या संध्याकाळी ड्रायव्हरनं बिबट्या दाखवला, म्हणून मी खूश होऊन त्याला वर 20 डॉलर बक्षीस दिले होते. ते या हिशोबात धरलेले नाहीत.