काचेतली भिरभिरी: माल चांगला, कागद खोटा

नातीच्या वाढदिवसाला सांगलीतल्याच एका दुकानातून 'लाइट मिल' घेतली. साडेआठशे रुपये. मोसंबीएवढा काचेचा गोळा, आत सुईच्या टोकावर तोललेली चार पाती, प्रत्येकाची एक बाजू काळी, दुसरी चंदेरी. उन्हाची तिरीप पडायचा अवकाश, गरगर सुरू. भर दुपारी तर पाती वेगवेगळी दिसतच नाहीत. जुना पिवळा बल्ब जवळ धरला तरी फिरते, एलईडीला मात्र दाद देत नाही. पैसे वसूल.

तक्रार आहे ती सोबतच्या कागदाची. त्यावर छापलंय, 'प्रकाशकणांना वजन असते, त्यांच्या धक्क्याने चक्र फिरते.' हळदीच्या अडतीत चाळीस वर्षं काट्यासमोर काढली, पण त्याआधी विलिंग्डनमधून फिजिक्स घेऊन बी.एस्सी. केलंय. वजनाच्या बाबतीत असलं दडपून दिलेलं मला खपत नाही.

फिरते कुठल्या अंगानं ते नीट बघा. उजेड काळ्या बाजूत मुरतो, चंदेरीवरून उलटा फिरतो, म्हणून चंदेरीला धक्का जवळपास दुप्पट. मागं हटायला हवी चंदेरी, हटते काळी! 1873 साली विल्यम क्रुक्सनं हे यंत्र केलं तेव्हा त्यालाही हा उजेडाचाच धक्का वाटला होता. खरी करामत गोळ्यात ठेवलेल्या विरळ हवेची. काळी बाजू जास्त तापते आणि हवा पात्याला रेटते. आम्ही उन्हातली मिल उचलून फ्रिजमध्ये श्रीखंडाशेजारी ठेवली. दार किलकिलं करून बघतो तर उलटी फिरतेय!

"आजोबा, मग उजेड ढकलतच नाही का?" नातीनं विचारलं. ढकलतो की. वस्तुमान नसलं तरी ऊर्जा आहे आणि तिच्यासोबत संवेगही, म्हणजे आदळल्यावर धक्का देणारा जोर. पण चौरस मीटरभर काळ्या पत्र्यावर भर उन्हाचा रेटा अर्ध्या मिलिग्रॅमच्या वजनाइतकाही भरत नाही. जपानच्या इकारोस यानानं 2010 मध्ये अवकाशात शीड उघडून तोच रेटा वापरून दाखवला. आणि प्रकाशकणाचं वस्तुमान? शून्यच धरतात. असलंच तर किलोच्या दशांशचिन्हापुढं 50 हून जास्त शून्यं. एवढी घट आमच्या यार्डात कुणी धरत नाही.

दुकानदाराला कागद दाखवला तर म्हणाला, "काका, तो वाचतंय कोण?" नात वाचते म्हणून तर परत आलो होतो.

पाचपैकी चार तारे. घेणार असाल तर नेताना मांडीवर धरा, खोक्यात नुसता वर्तमानपत्राचा बोळा असतो.