लहान आरएनएसाठीचं कॉलम-किट: अमिग्डालाच्या कणभर सँपलवर कसं चालतं?

भीतीच्या स्मृतीत मायक्रोआरएनए (जनुकांचं काम आवरणारे सुमारे 22 न्यूक्लिओटाइडचे छोटे आरएनए) काय करतात हे शोधताना सगळ्यात आधी भरवसा लागतो तो आरएनए काढण्याच्या पद्धतीवर. प्राण्याला आवाज आणि शॉकची जोडी शिकवून झाली की हातात उरतो लॅटरल अमिग्डालाचा (मेंदूतल्या भीती शिकणाऱ्या भागाचा) पंचने काढलेला कणभर तुकडा. मिर-182 हा मायक्रोआरएनए शिकल्यानंतर तिथे घटतो आणि तो मुद्दाम वाढवला तर दीर्घकालीन स्मृती बनत नाही, हे 2013 मध्ये दिसलं. आता विचार करा, आपल्या आकड्यांतली घट मेंदूत झाली की ट्यूबमध्ये? सँपल लहान असलं की ट्रायझॉलच्या (फिनॉल-ग्वानिडिनचं तयार द्रावण) नेहमीच्या पद्धतीत जीसी, म्हणजे जी आणि सी ही अक्षरं, कमी असलेले काही मायक्रोआरएनए नेमके गळतात, हे 2012 मध्येच दाखवलं गेलंय. म्हणून मी कॉलमकडे, म्हणजे आरएनए धरून ठेवणाऱ्या छोट्या गाळणीकडे वळले, आणि आता परत जायची इच्छा नाही.

सुरुवात तीच: फिनॉल-ग्वानिडिन, क्लोरोफॉर्म, थंड सेंट्रीफ्यूज. वरचा स्वच्छ थर उचलताना हाव धरू नका, मधल्या पांढऱ्या थराला टिप लागली की सँपल बिघडलंच. मग उचललेल्या वरच्या थराच्या दीडपट शुद्ध इथेनॉल. इथे हात आखडला तर 22 न्यूक्लिओटाइडचे तुकडे कॉलमवर बसतच नाहीत, खाली वाहून जातात. सेल-मिर-39चा स्पाइक-इन (तुलनेसाठी बाहेरून मोजून टाकलेला कृमीचा मायक्रोआरएनए) लायसिस बफर, म्हणजे पेशी फोडणारं सुरुवातीचं द्रावण, घातल्यानंतरच टाका. आधी टाकला तर ऊतकातले आरनेझ (आरएनए तोडणारी विकरं) त्याचा फडशा पाडतात.

कॉलमवरच डीनेझ (डीएनए तोडणारं विकर) देता येतं ही मला सर्वात आवडलेली गोष्ट. बऱ्याच लांब नॉनकोडिंग आरएनएंना (प्रथिन न बनवणाऱ्या आरएनएंना) एकच एक्झॉन (आरएनएत टिकणारा जनुकाचा तुकडा) असतो, म्हणून पीसीआरचे प्राइमर इंट्रॉनच्या (कापून टाकल्या जाणाऱ्या तुकड्याच्या) दोन बाजूंना ठेवता येत नाहीत, आणि उरलेला डीएनए खोटा सिग्नल देतो.

खटकलं ते 260/230 गुणोत्तर (प्रकाश शोषण्यावरून शुद्धता सांगणारा आकडा). ग्वानिडिन मागे राहतं, म्हणून शेवटचा वॉश मी दोनदा देते आणि मोजमाप फ्लुरोमीटरवर करते.

मात्र आरएनए पेशीत कुठे होता हे हे किट सांगणार नाही. भीती विझवण्याच्या शिक्षणात गॅस5 या लांब नॉनकोडिंग आरएनएचा एक प्रकार सिनॅप्सपाशी काम करतो. असं काही बघायचं असेल तर आधी सिनॅप्टोसोम (सिनॅप्सचे सुटे केलेले तुकडे) वेगळे करा, मगच कॉलम वापरायला काढा.